दुपारी वाजते, सकाळी गप्प: पायडल कयाकच्या ड्राइव्हचा खडखडाट

पायडल कयाक म्हणजे वल्ह्याऐवजी पायानं चालवायची छोटी अरुंद बोट, आणि ड्राइव्ह म्हणजे तिच्यातलं पायडलचं यंत्र. आधी लक्षण सांगतो, तुमचं तेच आहे का ते पाहा. पायडल मारताना दोन पायांच्या मधून, बोटीच्या पोटातून 'टक्' असा आवाज येतो. जोर लावला की टक्, पाय सैल सोडले की गप्प. वरून धरून हलवलं तर अख्खा ड्राइव्ह ढिल्या खुंट्यासारखा डुलतो. बोल्ट आवळले की दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. आणि डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे दुकानात आणली की बोट वाजतच नाही.

माझं दुकान सायकलींचं आणि मोटारपंपांचं, गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या बाजूला. कयाक दुरुस्त करणं हा काही माझा धंदा नाही, इथं तो कोणाचाच नाही. तलाव मात्र आमच्याकडे पायलीला पन्नास. कोहळी लोकांनी बांधलेले जुने मालगुजारी तलाव, शिवाय गावोगावच्या बोड्या, म्हणजे लहान तळी. अशाच एका तलावाच्या पाळीला लागून नागपूरच्या एका डॉक्टरसाहेबांची शेती आहे. त्यांनी कुठून तरी जुनी पायडल कयाक आणली, पाखरं पाहायला. वल्हं मारायचं म्हटलं की दोन्ही हात गुंततात, दुर्बीण धरायची कशी? पायानं चालणारी बोट असली की हात मोकळे. हिशेब चुकीचा नव्हता. पण अडई बदकांचा थवा पन्नास हातांवर आला की बोट नेमकी 'टक्' करायची आणि थवा भुर्र. साहेब बोट घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "भाऊ, सायकलच तर आहे नं ही. पाहा जरा."

दोन पायडल, दोन क्रँक (पायडल ज्याला लागतं तो हात), मधे एक्सल. खरंच सायकल होती. म्हणूनच मी फसलो.

मी तीनदा काय केलं (तुम्ही करू नका)

सायकल वाजली की आपला हात आपोआप पान्याकडे जातो. ड्राइव्ह ज्या चौकटीत बसतो तिचे चार बोल्ट मी आवळले. दोन दिवसांनी फोन आला. पुन्हा आवळले. तिसऱ्या खेपेला एक जास्तीचा हिसका दिला आणि बोल्ट नुसताच गरगर फिरायला लागला. प्लास्टिकच्या अंगात पितळेची आटे पाडलेली बुशी बसवलेली असते, ती आतल्या आत सुटली होती. म्हणजे ज्या आवाजासाठी बोट आली तो तसाच, वर हे नवं दुखणं माझ्या हातचं.

या बोटींचं अंग बहुतेक पॉलिथिलीनचं असतं. गच्चीवरची पाण्याची काळी टाकी जशी बनते, साच्यात पूड टाकून, तापवून, फिरवून, तशीच ही बनते. या प्लास्टिकला लोखंडासारखी ताकद लावली तर ते तुटत नाही, दबतं. दबलं की जागा सोडतं. आणि त्याला कोणताही साधा गोंद धरत नाही, सोल्युशन धरत नाही, दोन पुड्या कालवून लावायची लांबीही चार दिवसांत पापडासारखी निघते. शेवटी मी हॅचमधून, म्हणजे बोटीवरच्या झाकणाच्या भोकातून, आत हात घालून तो बोल्ट आरपार घेतला, आतून रुंद वायसर, त्याखाली ट्यूबच्या रबराचा तुकडा आणि वर नायलॉनचा नट. बाकीच्या तीन बोल्टांसाठी तेव्हापासून एकच पद्धत: हातानं टेकेपर्यंत फिरवायचा, मग पान्यानं पाव फेरा. बस.

पाना खाली ठेवा, आवाज मोजा

प्रोपेलरच्या ड्राइव्हचं पोट समजून घेतलं तर अर्धं काम तिथंच होतं. सुताराकडे हातानं फिरवायचं जुनं ड्रिल असतं ना, मूठ एका दिशेला फिरते आणि बिट काटकोनात दुसरीकडे, तोच प्रकार. क्रँकला तिरक्या दातांचा गिअर, त्यातून खाली जाणारा उभा दांडा, तळाशी पुन्हा तिरके दाते आणि त्याला पंखा. पायडलचा एक फेरा म्हणजे पंख्याचे साधारण दहा, मॉडेलप्रमाणे थोडे कमीजास्त. तुम्ही मिनिटाला ५० ते ६० फेरे मारले तर खाली पंखा ५०० ते ६०० फिरतोय.

हा दहाचा हिशेब फार कामाचा आहे. उजव्या पायडलवर पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका द्या आणि ठिपका वर आला की मोजायला सुरुवात करा. एका फेऱ्यात आवाज किती वेळा येतो?

माझा कान मोटारींच्या घरघरीत गेलेला. शेजारचा पोरगा भजनात झांज वाजवतो, त्याला बोटीजवळ बसवलं. त्यानं डोळे मिटले आणि दहाव्या फेऱ्याला म्हणाला, "काका, हा तं एका फेऱ्यात दोनदा येऊन राह्यला. उजवा पाय दाबला की एक, डावा दाबला की एक." मी तीन आठवडे जे शोधत होतो ते त्यानं मिनिटभरात सांगितलं.

फेऱ्यात एकदाच आणि तेही दर वेळेला ठिपका एकाच जागी असताना आवाज येत असेल, तर दोष त्याच बाजूच्या पायडलमध्ये किंवा क्रँकमध्ये. दोनदा येत असेल, म्हणजे प्रत्येक दाबाला एक, तर बहुधा अख्खा ड्राइव्हच बोटीतल्या आपल्या खाचेत हलतोय. ही आमची गोष्ट. एका फेऱ्यात भराभर आठ-दहा वेळा किरकिर होत असेल तर वर पाहूच नका, रोग खाली पंख्याजवळ आहे. आणि ज्याला काही ताळच नाही, मनात आलं की वाजतं, ते बहुतेक ड्राइव्हचं नसतंच. त्याच्याकडे शेवटी येतो.

मोजायचं कुठं, हेही महत्त्वाचं. आधी ड्राइव्ह बोटीतून काढून बाजेच्या दोन माच्यांमध्ये अडकवा आणि हातानं सावकाश फिरवा. इथं वाजला तर दोष ड्राइव्हच्या पोटात. गप्प राहिला तर बोटीत बसवून जमिनीवरच, बोटीखाली दोन पोती घालून, पुन्हा हातानं. तिथंही गप्प असेल तर पाण्यात. पाण्याशिवाय पंख्याला भार नसतो, म्हणून माझ्या दुकानात ती बोट वाजत नव्हती. कोरड्यात पायानं जोरात पळवू नका, काही ड्राइव्हच्या प्लास्टिकच्या बुशा पाण्यानंच ओल्या राहतात.

आणखी एक. बोटीचं अंग पोकळ, म्हणजे ढोलकच. टाचणी पडली तरी थाप पडल्यासारखं ऐकू येतं आणि कुठून आलं ते कळत नाही. मोटारचं बेअरिंग तपासताना आपण स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाला लावतो, तेच इथं करा. कोणीतरी पायडल मारू द्या, तुम्ही एकेका जागी टोक टेकवा. जिथं 'टक्' थेट हाडात लागतो ती जागा.

दुपट्ट्याची परीक्षा

फेऱ्यात दोनदा वाजणारा आवाज ड्राइव्हच्या खेळामुळे आहे का, हे पक्कं करायला खर्च काहीच नाही. गळ्यातला दुपट्टा काढा, घडी घाला आणि ड्राइव्ह व खाचेची भिंत यांच्या फटीत पुढून आणि मागून घट्ट दाबून बसवा. आता पायडल मारा. आवाज गेला की समजायचं फटच बोलत होती. नाही गेला, तर फट सोडा आणि पुढं वाचा.

आमचा गेला. पण मग प्रश्न उरला की फट आज आहे आणि उद्या नाही, असं काहून?

उन्हाचा हात

डॉक्टरसाहेब वहीत सगळं लिहून ठेवणारे. पाखरांच्या नोंदींच्या समासात त्यांनी कुठं कुठं 'आज बोट बोलली' असं लिहिलं होतं. मी ती पानं पाहिली. पहाटे साडेपाचला निघालेल्या दिवशी एकदाही नाही. दुपारी चारला निघालेल्या दिवशी जवळजवळ दर वेळेला. आणि फेब्रुवारीत क्वचित, एप्रिल लागल्यापासून रोज.

बोट दिवसभर पाळीवर उघड्यावर असायची. आमच्याकडचं ऊन सांगायला नको, मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो आणि गडद रंगाच्या प्लास्टिकवर दुपारी हात टेकवत नाही. मी सकाळी सहाला खाचेच्या आत व्हर्निअर लावला आणि दुपारी दोनला पुन्हा लावला. लांबीत पावणेदोन मिलिमीटरचा फरक.

हे काही जादूटोण्याचं काम नाही. पॉलिथिलीन तापलं की दर मीटरमागे, दर अंशाला साधारण ०.१५ ते ०.२ मिलिमीटर वाढतं. खाच ४० सेंटिमीटरची, सकाळ-दुपारचा फरक प्लास्टिकच्या अंगात ३० अंशांचा धरा, म्हणजे दोनेक मिलिमीटर आलेच. ड्राइव्हचं अंग ॲल्युमिनियमचं, ते याच्या सहा-आठपट कमी वाढतं. घर फुगलं, घरात राहणारा तेवढाच राहिला.

पुष्कळांना इथं शंका येते की प्लास्टिक फुगलं तर भोक लहान व्हायला पाहिजे. नाही. भोकही मोठं होतं. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार काय करतो ते आठवा: धाव भट्टीत लाल करतो, ती मोठी होते, चाकावर चढते, वरून पाणी ओतलं की आखडून चाकाला आवळते. कयाकची खाच म्हणजे ती धाव, आणि आपण तिला रोज दुपारी भट्टीत घालून पाणी न ओतताच पायडल मारायला बसतो.

पाणी ओतायचं हीच दुसरी परीक्षा. दुपारी वाजत असताना तलावातलं बादलीभर पाणी खाचेवर आणि आजूबाजूला ओता, पाच मिनिटं थांबा, पुन्हा दोन बादल्या. आवाज मंदावला किंवा गेला तर गुन्हेगार ऊन. बोटीचं बूड पाण्यात असल्यानं ते आपसूक थंड होतं, पण वरची चौकट तापलेलीच राहते, म्हणून नुसती पाण्यात सोडून काम होत नाही, वरूनच ओतावं लागतं.

आता कळतं की बोल्ट आवळून दोन दिवस बरं का वाटायचं. मी संध्याकाळी आवळायचो, साहेब सकाळी न्यायचे. गुण पान्याचा नव्हता, रात्रीचा होता.

उपाय दोन. पहिला सावलीचा. आमच्याकडे पाळीवर मोहाचं झाड आहे, त्याच्याखाली बोट पालथी ठेवली, दोन बाजांवर, पट्ट्यासारखा आधार देऊन. दगडावर टेकवून ठेवू नका. तापलेलं पॉलिथिलीन वजनाखाली हळूहळू कायमचं वाकतं आणि खाचेचा आकार एकदा बिघडला की मग सकाळीही वाजेल. किंचित पोचा आला असेल तर घाबरू नका, बोट पालथी करून तो भाग उन्हात तापू द्या किंवा गरम पाण्यात भिजवलेलं पोतं टाका, आतून हातानं ढकला, पुष्कळदा पूर्ववत होतो. आगीजवळ, हीट गनजवळ नेऊ नका.

दुसरा उपाय फट भरण्याचा. बाजारात याच्यासाठी रबराच्या पट्ट्या मिळतात, पण माझ्या दुकानात पंक्चर ट्यूबांचा ढीग. ट्यूब आडवी कापली की रबराचं कडं मिळतं. ते ड्राइव्हच्या बसणीवर, म्हणजे जो भाग खाचेत जातो त्यावर, रबरबँडसारखं चढवा. चिकटवायची भानगडच नाही, आणि चिकटतही नाही. सायकलच्या ट्यूबचं एक कडं पुरलं नाही तर दोन, स्कूटरच्या ट्यूबचं एक. खरी गंमत ही की कडं काढता येतं. उन्हाळ्यात दोन, दिवाळीनंतर एक. कायमचं काही चिकटवून ठेवलं असतं तर डिसेंबरच्या पहाटे ड्राइव्ह खाचेत गेलाच नसता.

जपायची गोष्ट एकच: कडं घातल्यावर ड्राइव्ह अडकवायचे दोन्ही खटके पूर्ण बसलेच पाहिजेत, 'खट्ट' ऐकू आलं पाहिजे. अर्धवट बसलेला खटका पाण्यात सुटला तर ड्राइव्ह उडून बाहेर येतो. पुष्कळ ड्राइव्ह पाण्यात तरंगत नाहीत. नायलॉनची दोरी बांधून दुसरं टोक बोटीला गुंतवा. आमच्या तलावाच्या गाळात पडलेली वस्तू शोधायची म्हणजे ढिवरांच्या (मासे धरणाऱ्यांच्या) पोरांना बुड्या मारायला लावणं, आणि मग आठवडाभर गावभर हसू.

पायडल आणि क्रँक

ही सायकलवाल्याची घरची वाट, म्हणून थोडक्यात. पण एका गोष्टीवर थांबतो, कारण तिच्यामुळे मी तीन क्रँक मेलेले पाहिलेत, एक बोटीचा आणि दोन सायकलींचे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. पुष्कळ कयाकना सायकलचंच पायडल लागतं, नऊ-सोळांश इंचाचं, १५ नंबरच्या पान्याचं. डावं पायडल घड्याळाच्या उलट दिशेला आवळतं. नवा माणूस ते 'आवळायला' म्हणून सुलट फिरवतो, ते ढिलं होतं, तसंच पायानं मारत राहतो, आणि पोलादाचे आटे ॲल्युमिनियमच्या क्रँकला खाऊन टाकतात. पायडलच्या दांड्यावर एल किंवा आर कोरलेलं असतं, आधी ते पाहा. बसवताना आट्यांना ग्रीस लावा, कोरडं बसवलं तर वाजतं आणि दोन वर्षांनी निघतही नाही.

क्रँकचा खेळ पाहायला दोन्ही क्रँकची टोकं धरून उलटसुलट दाबा. एकच हलला तर त्याचा बोल्ट ढिला किंवा त्याचं चौकोनी भोक रुंदावलंय. दोन्ही मिळून हलले तर एक्सलचं बेअरिंग. भोक रुंदावलं असेल तर क्रँक बदला. पत्र्याची पाचर मारून चालवणारे आहेत, मीही मारली आहे, महिनाभर चालते.

बोल्ट सुटू नये म्हणून निळं थ्रेडलॉकर लावायची सवय चांगली, पण ते धातूवर धातू असेल तिथंच. काही कडक प्लास्टिकला त्यानं बारीक चिरा जातात. झाकणाच्या स्क्रूंना लावू नका.

खालचा आवाज: तंगूस, गाळ, खुंट

एका फेऱ्यात आठ-दहा वेळा किरकिर म्हणजे पंखा. आमच्या तलावांत मासेमारी चालते, शिंगाड्याचे वेल असतात, कडेला बेशरमाची झुडपं माजलेली, उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुने खुंट वर येतात. पंखा बोटीच्या बुडाखाली फूट-दीड फूट लोंबतो, म्हणजे जे काही असेल ते आधी त्यालाच भेटणार.

वेल आणि गवत दिसतं, ओढून काढता येतं. तंगूस दिसत नाही. गळाचा किंवा फाटक्या जाळ्याचा नायलॉनचा दोरा पंख्याच्या मागं, पंखा आणि ऑइल सील (पाणी आत येऊ न देणारी रबरी चकती) यांच्या मधल्या बोटभर जागेत गुंडाळला जातो आणि फिरता फिरता सीलच्या ओठात शिरतो. सुरुवातीला नुसती किरकिर, मग सील कापली जाते, मग गिअरमध्ये पाणी. म्हणून पंखा नुसता बाहेरून पुसून चालणार नाही. महिन्यातून एकदा पिन काढा, पंखा उतरवा, मागं पाहा. मी पहिल्यांदा उतरवला तेव्हा आत करंगळीएवढं वेटोळं निघालं. तिथं उभ्या असलेल्या एका ढिवर काकांनी ते हातात घेतलं, ओळखलं की कोणाच्या जाळ्याचं आहे, आणि वर म्हणाले, "आमच्या डोंग्यात ढिलं व्हाले काहीच नाही जी." उत्तर नव्हतं माझ्याकडे.

पिनेबद्दल. काही ड्राइव्हमध्ये पंखा एका मऊ पिनेवर अडकवलेला असतो. खुंटाला धडक बसली की पिन तुटते आणि गिअर वाचतो. तुटण्यासाठीच ती आहे. पिन तुटली म्हणून तिच्या जागी खिळा किंवा सायकलचा स्पोक कापून घातला, तर पुढच्या धडकेला खिळा टिकेल आणि गिअरचे दाते जातील. अर्धवट तुटलेली किंवा वाकलेली पिनही वाजते, पायडल पुढं-मागं केलं की 'कट् कट्' असा मोकळा आवाज येतो. दोन जादा पिना सीटच्या मागच्या खिशात ठेवा, आणि पायडल बोट असली तरी वल्हं बरोबर हवंच. लाइफ जॅकेटबद्दल मी बोलत नाही, ते अंगातच असलं पाहिजे.

पंख्याचं एक पातं वाकलं असेल तर आवाजापेक्षा थरथर जास्त जाणवते, पायाच्या तळव्यात मुंग्या आल्यासारखं. पंखा सपाट फरशीवर ठेवून प्रत्येक पात्याचं टोक फरशीपासून किती उंच आहे ते मोजा, लगेच कळतं.

ग्रीस

ड्राइव्ह बाजेवर फिरवतानाच घरघर येत असेल तर बेअरिंग किंवा गिअर. पंख्याच्या बाजूनं थेंब गळतोय का पाहा. जिथं तेल किंवा ग्रीस भरायचा स्क्रू असतो तिथून थोडंसं बाहेर काढा. मधासारखं असेल तर ठीक. दह्यासारखं पांढरट असेल तर पाणी शिरलंय, नुसतं नवं भरून उपयोग नाही, सील बदलल्याशिवाय पुन्हा तेच होणार. कंपनीनं कायमचं बंद केलेलं अंग असेल तर ते उघडायच्या भरीला पडू नका, तिरक्या दातांमधलं अंतर पातळ वायसरांनी जमवलेलं असतं, एक इकडचं तिकडं झालं की नवा आवाज सुरू.

धुवायला पेट्रोल, रॉकेल वापरायची आम्हा मिस्त्र्यांची सवय. रबरी सील त्यात फुगतात. साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश पुरे. आणि आवाज आला की स्प्रे मारायचा, ही तर सगळ्यात वाईट सवय. तो पातळ स्प्रे आतलं घट्ट ग्रीस पातळ करून बाहेर काढतो, दोन दिवस गुळगुळीत, मग आधीपेक्षा मोठ्यानं. ग्रीस पाण्यात न धुतलं जाणारं घ्या. बोटीसाठीचं मिळालं तर उत्तम, नाही तर पंपांच्या बेअरिंगला वापरतात ते वॉटरप्रूफ ग्रीस तालुक्याच्या हार्डवेअरमध्ये मिळतं.

पंख्याऐवजी पर असलेले ड्राइव्ह

दुसऱ्या जातीत पंखा नसतो, बोटीखाली दोन रबरी पर पेंग्विनसारखे डावीउजवीकडे हलतात आणि पायडल गोल फिरत नाहीत, पुढं-मागं ढकलायची असतात. होबी या बोटी बनवणाऱ्या कंपनीनं १९९७ साली मिराज ड्राइव्ह आणला तेव्हापासूनचा हा प्रकार. याच्यात दहाचा हिशेब लागू होत नाही, सगळे आवाज दाबाबरोबरच येतात. इथं आधी साखळी आणि तारा पाहा: दोन्ही पायडलांना हातानं धरून एकमेकांविरुद्ध दाबल्यावर मोकळी जागा जाणवली तर तार सैल आहे, नटानं ताण द्यायची सोय असते. मग पराच्या आतली उभी सळई तिच्या बसणीत घट्ट आहे का ते. खाच, ऊन आणि ट्यूबचं कडं हे सगळं मात्र याला जसंच्या तसं लागू.

ज्याला ताळ नाही तो आवाज

ड्राइव्हला दोष देण्याआधी बोट रिकामी करा. अगदी रिकामी. पाण्याची बाटली, डबा, दुर्बिणीची पेटी, सगळं बाहेर. मग बोट आडवी करून हलवा. आमच्या बोटीच्या पोटातून एक बोल्ट, दोन शिंगाडे आणि एक पेनाचं टोपण निघालं. सीटचे पट्टे ताणा, सीटचा खालचा पाइप रुळावर सरकत असेल तर तिथंही रबर. सुकाणूच्या दोऱ्या सैल असतील तर लाटेवर 'टप टप' होतं आणि ते ड्राइव्हसारखंच ऐकू येतं. सुकाणू वर उचलून दहा फेरे मारा, फरक कळेल.

सीट फार मागं असेल तर पाय ताठ होतो, माणूस कंबरेतून झोके घेतो आणि प्रत्येक झोक्याला चांगला ड्राइव्हही करकरतो. पायडल सगळ्यात लांब असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. डॉक्टरसाहेब उंच, त्यांच्या गावच्या घरी येणारा भाचा बुटका, दोघं एकाच खाचेवर सीट ठेवून बसायचे. रविवारी वेगळा आवाज यायचा तो याच्यामुळे.

सध्या बोट मोहाखाली आहे, ड्राइव्ह माझ्या दुकानात खुंटीला. पाऊस पडून तलाव भरेपर्यंत ती पाण्यात जाणार नाही. पोळ्याच्या सुमारास साहेब येतील तेव्हा ट्यूबचं एक कडं काढीन, डाव्या पायडलला उलटा पाव फेरा देऊन पाहीन, पंख्यामागं बोट फिरवीन. तिरक्या दातांची मंद गुणगुण राहील, ती राहतेच. बदकांना तिची सवय झाली आहे, असं साहेबांच्या वहीत लिहिलेलं मी वाचलंय.